बिजागरी

लुथुली रस्त्यावर, दुसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या पोटात
माझं टेबल. चार फूट बाय दोन.
एक दिवा, एक चिमटा,
अंड्यांच्या ट्रेमध्ये मापानुसार लावलेले स्क्रू.
पाटी नाही. खाली विचारलं, चेबोई कुठे बसतो,
की शेंगदाणे विकणारी बाई बोट वर करते.

स्योंबुआ आली ती रात्रपाळी उतरवून,
अंगाला अजून इस्पितळाचा वास.
पर्समधून चौघडी कागद काढला,
त्यावर पाच कंपन्यांची नावं, तीन खोडलेली.
'यंदा भिशीत माझा नंबर लागला.
पंचेचाळीस हजार शिलिंग. वर एक छदाम नाही.
पदवी करायचीय, ड्युटीच्या फटीफटीतून, तीन वर्षं.
मी टिकेन. यंत्राचं सांगा.
कोणती कंपनी?'

नावावर मी बोलत नाही, बाई.
नाव झाकणावर असतं, मी झाकणाच्या आत राहतो.
आत सगळ्यांचे पंखे एकाच धुळीने गुदमरतात.
आणि कंपनी म्हणजे काय, एका आईची दोन लेकरं:
एक कचेरीसाठी घडवलेलं, जाड, काळं,
मुलीच्या लग्नात कुणी फोटोत घेणार नाही असं;
दुसरं दुकानाच्या काचेसाठी, चंदेरी, पातळ,
त्याची बिजागरी प्लास्टिकात रोवलेली,
सुजल्या हिरडीतल्या दातासारखी.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
'बरं, उलटं विचारते.
तुमच्याकडे सगळ्यात कमी कोण येतं?'

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी वही काढली. पानं चाळली.
तिच्या कागदावरचं चौथं नाव
वर्षभरात दोनदाच.
'हे घ्या,' मी म्हणालो, जरा ऐटीतच.

तिने मान हलवली. परिचारिकेची मान, सवयीची.
'आमच्या वॉर्डात किटुईच्या पलीकडून
कुणी फारसं येत नाही.
म्हणून तिकडे लोक ठणठणीत असतात असं नाही.'

दिवा उगाच जास्त प्रखर वाटला.
खरंच होतं. त्या नावाचे सुटे भाग
या शहरात मिळत नाहीत.
बिघडलं की लोक ते कपाटावर ठेवतात,
वर टॉवेल घालतात,
आणि माझी वही कोरी राहते.

मग आम्ही खाली गेलो, दोघं.
जहाजातून आलेली जुनी यंत्रं, थप्पीने,
कुठल्याशा थंड शहरातल्या विमा कचेरीची.
झाकणावर खरवडलेल्या लेबलाचा चिकट चौकोन.
तिने एकेकाचं झाकण उघडलं, मिटलं, उघडलं,
अर्ध्यावर सोडून पाहिलं, पडतं का.
कळफलकावर मनगट टेकून गरमी पाहिली.
एकाला कान लावला.
'याला धाप लागते,' म्हणाली, आणि बाजूला ठेवलं.
दुकानदार माझ्याकडे बघायला लागला,
जणू हिला मीच शिकवून आणलंय.

तिने निवडलं ते जाडं, काळं.
'न' ची कळ झिजून गुळगुळीत;
कुणीतरी तिकडे फार वेळा नकार लिहिला असावा.
एकोणचाळीस हजारांना ठरलं.
उरलेल्यात नवी बॅटरी, माझी मजुरी,
आणि पाचशे परत.

पाचशे तिने लगेच पर्समध्ये टाकले नाहीत.
'पंखा कसा साफ करायचा, दाखवा.
दर वेळी जिना चढायला वेळ नाही मला.'
गिऱ्हाइकाला हे शिकवणं म्हणजे
आपल्याच पोटावर पाय.
तरी दाखवलं. अकरा स्क्रू, त्यांतला एक आखूड,
तो चुकीच्या भोकात गेला तर आतलं पान फुटतं.
तो तिने दोनदा बोटांत फिरवून पाहिला.

ती गेल्यावर वहीत नोंद करायला बसलो.
रकाना कंपनीचा. आठवेना.
झाकण दिवसभर डोळ्यांसमोर होतं
आणि आठवेना.
लिहिलं: स्योंबुआ, रात्रपाळी. आखूड स्क्रू डावीकडे.
ट्रेमध्ये एक जास्तीचा होता,
तो वेगळ्या खळग्यात ठेवला.